७५२ पैकी २६५: रोमन सैनिक दिवसभर करायचा तरी काय?

तारीख १८ मे. साल साधारण इ.स. १०० च्या थोडं अलीकडचं-पलीकडचं. उत्तर इंग्लंडमधल्या व्हिंडोलांडा नावाच्या किल्ल्यात एका कारकुनानं पोस्टकार्डाएवढ्या, अगदी पातळ लाकडी पट्टीवर शाईनं हजेरी मांडली. तुकडीत एकूण माणसं ७५२. त्यातली ४५६ गैरहजर. ३३७ जण शेजारच्या कोरिया नावाच्या ठाण्यावर, ४६ गव्हर्नरच्या पहाऱ्याला, बाकीचे इकडेतिकडे पांगलेले, एक अधिकारी तर थेट लंडनला. किल्ल्यात हजर २९६. त्यांतले १५ आजारी, ६ जखमी आणि १० जणांचे डोळे आलेले. मग लढायला धडधाकट उरले किती? २६५.

सिनेमे आणि व्हिडिओ गेम पाहून रोमन सैनिकाचं एक चित्र डोक्यात पक्कं बसलेलं असतं. लाल अंगरखा, चकचकीत चिलखत आणि सकाळ-संध्याकाळ मारामारी. ही पट्टी वेगळंच काही सांगते. निम्म्याहून जास्त माणसं कामासाठी बाहेर, काही जण लाल डोळे चोळत बसलेले, आणि कुणीतरी हे सगळं नीट लिहून ठेवतंय. मला स्वतःला त्या लिहिणाऱ्यातच जास्त रस आहे. रोमन सैन्य इतकी शतकं का जिंकत राहिलं याचा शोध घेऊ लागलं, की तलवारीच्या आधी हजेरीपट, कुदळ आणि जातं याच वस्तू हाताला लागतात.

लीजन म्हणजे किती माणसं?

रोमचं सैन्य हजारेक वर्षं टिकलं आणि तेवढ्या काळात ते सतत बदलत गेलं. आपण त्यातला मधला तुकडा घेऊ: ज्युलियस सीझरपासून पुढची दोन-अडीचशे वर्षं.

सगळ्यात लहान गट आठ जणांचा. हे आठ जण एका तंबूत झोपत आणि एका चुलीवर रांधत. असे दहा गट मिळून सेंच्युरी. क्रिकेटमुळे आपल्याला सेंच्युरी म्हटलं की शंभर आठवतात, आणि शब्दाचं मूळही शंभराचंच आहे. पण या सेंच्युरीत माणसं असत ८०. नाव तसंच राहिलं, आकडा मात्र खाली आला. तिचा प्रमुख तो सेंच्युरियन. सहा सेंच्युरींचा एक कोहॉर्ट, म्हणजे ४८० जण. दहा कोहॉर्टांचं एक लीजन, म्हणजे ढोबळ मानानं पाच हजार माणसं. सम्राट ऑगस्टसच्या काळात अशी २८ लीजन होती.

लीजनमध्ये भरती व्हायला रोमचं नागरिकत्व लागायचं. ज्यांच्याकडे ते नव्हतं, त्यांच्यासाठी सहायक तुकड्या असत. घोडेस्वार, तिरंदाज आणि पायदळाचा मोठा भाग यांतूनच यायचा. वरची हजेरी अशाच एका तुकडीची आहे. ती तुंग्रियन लोकांची, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागातून उभारलेली. रोमसाठी लढणाऱ्या कित्येकांनी रोम शहर आयुष्यात कधी पाहिलंही नव्हतं.

एवढ्या गर्दीत आपली माणसं सापडायची कशी? आषाढी वारीत चुकलेला वारकरी आपल्या दिंडीची पताका शोधतो, तसंच. प्रत्येक सेंच्युरीचं एक निशाण असायचं आणि ते उंच काठीवर धरणारा एक नेमलेला माणूस. निशाण पुढे सरकलं की तुम्ही पुढे, ते थांबलं की तुम्ही थांबायचं. आरडाओरड्यात हुकूम ऐकू आला नाही तरी मान वर करून निशाण पाहता यायचं. अख्ख्या लीजनचं निशाण म्हणजे गरुड. तो शत्रूच्या हाती पडणं ही सगळ्यात मोठी नामुष्की.

आठ माणसं, एक खेचर, एक जातं

रोमन सैनिक खरा समजून घ्यायचा असेल तर त्याला त्याच्या तंबूत गाठावं.

आठ जणांत एक चामडी तंबू, तो वाहायला एक खेचर, आणि एक दगडी जातं. हो, जातंच. वरची तळी फिरवायची, मधल्या भोकातून दाणे टाकायचे. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरात होतं त्याच जातीचं, फक्त उचलून नेता येईल असं. सैनिकाला पीठ मिळत नसे, पाव तर नाहीच. त्याला मिळायचे गहू. पॉलिबियस नावाच्या ग्रीक इतिहासकारानं महिन्याचं माप दिलंय. त्यावरून माणशी रोजचे ८०० ग्रॅमच्या वर गहू येतात. म्हणजे आठ जणांना मिळून जवळपास सात किलो. दिवसभर चालून आल्यावर संध्याकाळी कुणीतरी जात्यावर बसायचं आणि तासाहून जास्त वेळ ते ओढत राहायचं, तेव्हा कुठे कणीक मळायला पीठ. मग निखाऱ्यावर भाकरीसारखा जाड रोट, नाहीतर गव्हाची पेज. जोडीला डाळी, चीज, खारवलेलं डुकराचं मांस. प्यायला पाण्यात थोडा आंबट झालेला द्राक्षाचा शिरका.

पीठ दळूनच का देत नसत? कारण पीठ लवकर खराब होतं, त्यात किडे पडतात. गहू मात्र कोरडा ठेवला तर कितीतरी महिने टिकतो. घरात वर्षाचं धान्य भरून ठेवलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. हजारो माणसांचा शिधा शेकडो किलोमीटर न्यायचा तर तो दाण्याच्या रूपातच न्यावा लागतो. शिक्षा द्यायची असली की गव्हाऐवजी सातू दिले जात. सातू हे जनावरांचं खाणं मानलं जाई, त्यामुळे पोटाबरोबर अब्रूलाही चिमटा.

आता ओझं. जोसेफस हा ज्यू सेनानी रोमन सैन्याविरुद्ध लढला, पकडला गेला आणि पुढे त्यानंच त्या युद्धाचा इतिहास लिहिला. शत्रूच्या नजरेनं रोमन सैन्य जवळून पाहिलेला हा साक्षीदार. त्यानं प्रत्येक पायदळ सैनिकाकडच्या वस्तूंची यादी दिलीय: करवत, टोपली, कुदळ, कुऱ्हाड, चामड्याचा पट्टा, विळा, साखळी आणि तीन दिवसांचा शिधा. ओझ्याच्या खेचरात आणि या माणसात फारसा फरक नाही, असंही तो म्हणतो. खुद्द सैनिकांनाही हे पटत असावं. सेनापती मारियसनं सामान गाड्यांवरून उतरवून सैनिकांच्या खांद्यावर दिलं, तेव्हापासून त्यांना ‘मारियसची खेचरं’ म्हणू लागले.

ढाल, चिलखत, शिरस्त्राण, भाले आणि हे सगळं सामान धरलं तर वजन तीस किलोच्या आसपास किंवा वरही जातं. घरातला भरलेला गॅस सिलिंडर साधारण तेवढाच असतो. तो एकदा जिन्यावरून वर नेऊन बघा. मग कल्पना करा की तो घेऊन ३० किलोमीटर चालायचंय, उद्याही, परवाही. सरावासाठी पाच तासांत २० रोमन मैल, म्हणजे सुमारे ३० किलोमीटर, चालायची सवय लावावी असं वेजिशियस या लेखकानं लिहून ठेवलंय. पायात जाड तळव्याच्या, खिळे ठोकलेल्या चामडी चपला. कालिगुला या कुप्रसिद्ध सम्राटाचं नाव त्यावरूनच पडलंय. लहानपणी तो बापाबरोबर छावणीत सैनिकांसारख्या इवल्या चपला घालून फिरायचा, म्हणून सैनिकांनी ठेवलेलं ते लाडाचं नाव: छोटी चप्पल.

एका रात्रीसाठी खंदक कशाला खणायचा?

एवढं चालल्यावर आडवं पडावं ना? तर नाही. आधी कुदळ.

शत्रूच्या मुलखात असताना रोमन सैन्य रोज संध्याकाळी नवी छावणी बांधायचं. भोवती खंदक, त्यातून निघालेल्या मातीचा बांध, बांधावर टोकदार लाकडी खुंट. एका जुन्या लष्करी पुस्तिकेत खंदकाचं किमान माप पाच फूट रुंद आणि तीन फूट खोल असं दिलंय. आत सरळ रस्ते, चार दरवाजे, मधोमध सेनापतीचा तंबू. आणि सकाळी उठून सगळं मोडून पुढे चालायला लागायचं.

हा शुद्ध वेडेपणा वाटतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या. छावणीचा आराखडा रोज तोच असायचा. डोंगर असो की नदीकाठ, स्पेन असो की सिरिया, आपला तंबू कोणत्या रस्त्यावर कितवा हे प्रत्येकाला माहीत. रात्री अंधारात हल्ला झाला तर झोपेतून उठलेला माणूस नेमका आपल्या जागी जाऊन उभा राहणार. स्वतःच्या घरात वीज गेली तरी आपण भिंत चाचपत बरोबर देवघरातल्या काडेपेटीपर्यंत पोचतो. परक्या घरात दहा वेळा आपटतो. रोमन सैनिक रोज रात्री स्वतःच्या घरात झोपायचा, मग मुलूख कुणाचाही असो. शिवाय हरण्याची वेळ आली तर पळून कुठे जायचं हेही ठरलेलं असायचं.

पहाऱ्याची शिस्त तर पाहण्यासारखी होती. त्या रात्रीचा परवलीचा शब्द लाकडी पट्टीवर लिहून छावणीभर फिरवला जाई आणि ती पट्टी परत पोचली की नाही हे तपासलं जाई. रात्रीत फेऱ्या मारणारे तपासनीस प्रत्येक पहारेकऱ्याकडून खुणेची पट्टी गोळा करत. एखादी पट्टी कमी पडली, तर कुणीतरी झोपलं होतं हे सकाळी उघड. त्याला शिक्षा काय, हे पुढे येईलच.

यातल्याच काही छावण्या पुढे कायमचे किल्ले झाल्या आणि किल्ल्यांभोवती गावं वसली. मँचेस्टरमधली कसोटी तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. त्या नावातला ‘चेस्टर’ हा छावणीसाठीच्या लॅटिन शब्दावरून आलाय. लँकेस्टर, विंचेस्टर, नुसतं चेस्टर, सगळी त्याच गोतावळ्यातली. स्पेनमधल्या लेऑन शहराचं नाव तर थेट ‘लीजन’वरून.

कुदळीनं जिंकलेली लढाई

इ.स.पू. ५२. आजच्या फ्रान्समधल्या अलेसिया नावाच्या टेकडीवरच्या गावात गॉल लोकांचा नेता व्हर्सिंजेटोरिक्स मोठं सैन्य घेऊन बसला होता. सीझरनं टेकडीवर चढाई केली नाही. त्यानं गावाभोवती सुमारे १६ किलोमीटरची तटबंदी उभारली, आतले बाहेर येऊ नयेत म्हणून. मग गॉलांचं दुसरं सैन्य बाहेरून मदतीला येतंय असं कळल्यावर बाहेरच्या अंगानं सुमारे २१ किलोमीटरची आणखी एक. रोमन सैन्य या दोन तटांच्या मधल्या पट्ट्यात. वेढा घालणाराच वेढला गेलेला!

तटापुढे खंदक, त्यापुढे फांद्यांचे टोकदार अडसर, त्यापुढे खड्डे करून त्यात पुरलेले सुळे आणि वरून झाकायला काटक्या-पाला. त्या खड्ड्यांना सैनिक ‘लिली’ म्हणायचे, फुलासारखे दिसतात म्हणून. सैनिकांचा विनोद कुठल्याही काळात असाच काळा असतो. आतून-बाहेरून एकाच वेळी हल्ले झाले, तट काही ठिकाणी फुटता फुटता वाचला, आणि शेवटी व्हर्सिंजेटोरिक्स शरण आला. लढाई झाली हे खरं. पण ती जिंकायची तयारी आधीचे कित्येक दिवस माती उपसून झाली होती.

प्रत्यक्ष समोरासमोर भिडले की काय व्हायचं?

आता शस्त्रं. मुख्य तीन.

पहिला भाला, पिलम. माणसापेक्षा उंच, जवळपास दोन मीटर. अर्धा लाकडी आणि पुढे लांब बारीक लोखंडी दांडी, टोकाला छोटं पातं. शत्रू पंधरा-वीस मीटरवर आला की सगळ्यांनी एकदम फेकायचा. बारीक दांडीमुळे तो ढालीतून आरपार जायचा आणि अडकून बसायचा. हेल्वेशियन लोकांशी झालेल्या लढाईत काय झालं ते सीझरनं लिहिलंय: एकेका भाल्यानं दोन-दोन ढाली एकमेकींना टाचल्या गेल्या, लोखंड वाकलं, भाला उपसता येईना, शेवटी लोकांनी ढालीच फेकून दिल्या आणि उघड्या अंगानं लढू लागले.

दुसरी वस्तू ढाल. ती प्लायवूडची असे. पातळ लाकडी पट्ट्या आडव्या-उभ्या चिकटवून, वर चामडं, मधे लोखंडी वाटी. उंची मीटरभर, बाक घेतलेली, वजन सहा ते दहा किलो. सिरियातल्या दुरा-युरोपस या जागी अशी एक रंगीत ढाल जवळजवळ अख्खी सापडली. ही ढाल नुसती आडवी धरायची नसे, तिनं धक्काही द्यायचा.

तिसरी तलवार, ग्लॅडियस. सिनेमातल्या तलवारींपुढे ती आखूड दिसते. पातं जेमतेम पन्नास-साठ सेंटीमीटर. आखूड का? कारण ढालीला ढाल लावून उभं राहिल्यावर लांब तलवार फिरवायला जागाच नसते. गर्दीच्या लोकलमध्ये छत्री उघडून बघा, म्हणजे कळेल. त्यापेक्षा ढालीआडून हात पुढे काढायचा, भोसकायचं, हात मागे. वार करण्यापेक्षा भोसकण्यावर प्रशिक्षणात भर असे. नव्या पोरांना दुप्पट वजनाची लाकडी तलवार आणि वेताची जड ढाल देऊन जमिनीत रोवलेल्या खुंटावर सराव करायला लावत. महिनोन्‌महिने खुंटाशी भांडण झालं की खरी तलवार हातात हलकी वाटायची.

एकट्या सैनिकाचं शौर्य इथे फारसं कामाचं नाही. कबड्डीत साखळी धरलेल्यांपैकी एकाचा हात सुटला की चढाईपटू नेमका तिथून निसटतो. रांगेचंही तसंच. शेजारी जागा सोडणार नाही हा भरवसा असेल तरच तुम्ही जागा धरता. आणि शेजारी कोण? ज्याच्याबरोबर काल जात्यावर बसलात तोच.

ते कासव खरं होतं का?

होतं. डोक्यावर आणि चहूबाजूंनी ढाली जोडून चालणारी तुकडी म्हणजे ‘कासव’. पण सिनेमात दर लढाईत दाखवतात तसं नाही. त्याचा मुख्य उपयोग तटाजवळ जाताना वरून येणारे दगड-बाण अडवायला. कासव सावकाश चालतं आणि आतल्या माणसाला नीट लढता येत नाही. डिओ कॅसियस हा इतिहासकार म्हणतो की ढालींचं हे छप्पर इतकं पक्कं असे की त्यावरून माणसंच काय, घोडेही जाऊ शकत. दहीहंडीचे थर पाहिलेल्यांना निदान माणसांचं तरी पटेल.

मग हे कधी हरलेच नाहीत का?

हरले, आणि सणसणीत हरले. इ.स.पू. २१६ मध्ये इटलीतल्या कॅनीला कार्थेजचा सेनापती हॅनिबल यानं मोठ्या रोमन फौजेला चारी बाजूंनी घेरून कापून काढलं. इ.स.पू. ५३ मध्ये कार्‍हीच्या मैदानावर पार्थियन (आजच्या इराणकडच्या साम्राज्याच्या) घोडेस्वार तिरंदाजांनी दुरूनच बाणांचा पाऊस पाडला. रोमन वाट बघत राहिले की बाण कधीतरी संपतील. ते संपेनात, कारण पार्थियनांनी बाण लादलेले उंट मागे उभे ठेवले होते. पुरवठ्याच्या बाबतीत रोमनांना कुणीतरी त्यांचाच धडा शिकवला होता.

तिसरा पराभव मला सगळ्यात बोलका वाटतो. इ.स. ९, जर्मनीतलं ट्यूटोबर्गचं जंगल. व्हारस नावाचा सेनापती तीन लीजन घेऊन चालला होता. त्याच्यासोबत असणारा आर्मिनियस हा जर्मन सरदार स्वतः रोमन सैन्यात अधिकारी राहिलेला, रोमचं नागरिकत्व मिळवलेला. रोमन सैन्याला मोकळी जागा मिळाली की ते रांग धरतं, रांग धरली की जिंकतं, हे त्याला आतून ठाऊक. म्हणून त्यानं त्यांना अशा वाटेवर नेलं जिथे एकीकडे दलदल, दुसरीकडे झाडी, वरून पाऊस, आणि सैन्य कित्येक किलोमीटर लांब शेपटीसारखं पसरलेलं. तीन दिवसांत सतरावं, अठरावं आणि एकोणिसावं लीजन संपलं. ते आकडे रोमनं पुन्हा कुठल्याही लीजनला दिले नाहीत. म्हातारा ऑगस्टस दारावर डोकं आपटत ‘व्हारस, माझी लीजन परत दे’ म्हणायचा, असं सुएटोनियस या रोमन चरित्रकारानं लिहून ठेवलंय.

जर्मनीत क्साँटेन इथे एका सेंच्युरियनचा स्मृतिदगड सापडलाय. मार्कस केलियस, अठरावं लीजन, वय ५३. छातीवर पदकं, हातात काठी. दगड भावानं उभारलाय. त्यावर लिहिलंय की तो व्हारसच्या युद्धात पडला, आणि अस्थी इथे ठेवायला परवानगी आहे.

ती काठी कशासाठी?

सेंच्युरियनच्या हातातली वेलीची काठी म्हणजे त्याच्या हुद्द्याची खूण, आणि सैनिकाच्या पाठीसाठी तिचा रोजचा वापर. लुसिलियस नावाच्या एका सेंच्युरियनला सैनिकांनी टोपणनाव ठेवलं होतं: ‘दुसरी आण’. पाठीवर काठी मोडली की तो मोठ्यानं दुसरी मागायचा. इ.स. १४ मध्ये डॅन्यूब नदीच्या बाजूला सैनिकांनी बंड केलं तेव्हा पहिल्या झटक्यात मारल्या गेलेल्यांत हाच होता.

पहाऱ्यावर झोपलेल्याची शिक्षा काठीवर भागत नसे. त्याच्याच सोबत्यांनी त्याला दगड-सोट्यांनी मारायचं, बहुतेकदा मरेपर्यंत. कारण तो झोपल्यानं धोका त्यांच्याच जिवाला होता. अख्खी तुकडी पळाली तर क्वचित त्याहून भयंकर काही व्हायचं: चिठ्ठ्या टाकून दहातला एक निवडायचा आणि बाकीच्या नऊ जणांनी त्याला मारायचं. स्पार्टाकस या गुलामाच्या बंडाच्या वेळी सेनापती क्रॅससनं ही जुनी शिक्षा पुन्हा बाहेर काढली. शिस्तीचं कौतुक करताना तिच्यात एवढी भीती कालवलेली होती हे विसरून चालणार नाही.

पगार मिठात मिळायचा, हे खरं का?

‘सॅलरी’ हा शब्द लॅटिनमधल्या मिठाच्या शब्दावरून आलाय, एवढं बरोबर. पण सैनिकाच्या ओंजळीत महिनाअखेरीला मीठ ओतत, याला पुरावा नाही. ‘खाल्ल्या मिठाला जागणं’ आपल्या तोंडी असल्यामुळे ही गोष्ट आपल्याला चटकन पटते, इतकंच. पगार नाण्यांत ठरलेला असे. ऑगस्टसच्या वेळी लीजनच्या सैनिकाला वर्षाला २२५ दिनार, म्हणजे चांदीची नाणी, मिळत, तेही वर्षातून तीन हप्त्यांत.

हाती किती पडायचे हा वेगळा प्रश्न. मृत समुद्राजवळच्या मसादा किल्ल्यात एका सैनिकाच्या पगाराचा हिशेब सापडलाय. गायस मेसियस, गाव बैरूत. मिळाले ५० दिनार. वजा: सातूचे १६, जेवणाचे २०, पादत्राणांचे ५, चामडी पट्ट्यांचे २, लिननच्या सदऱ्याचे ७. बेरीज करून पाहा.

मराठ्यांच्या फौजेतला शिलेदार स्वतःचा घोडा-हत्यार आणायचा आणि बारगिराला ते सरकारातून मिळायचं. रोममध्येही जुन्या काळी ज्याची ऐपत तो आपलं हत्यार घेऊन येई. पुढे हत्यार सरकारी झालं, पण पैसे पगारातून कापून. इ.स. १४ च्या बंडात सैनिकांची हीच तक्रार होती: दिवसाला दहा असेस, म्हणजे तांब्याची दहा नाणी, हीच आमच्या जिवाची किंमत, त्यातून कपडे, हत्यारं, तंबू यांचे पैसे द्या आणि कष्टाच्या कामातून सुटायला सेंच्युरियनचे हातही ओले करा.

मग पंचवीस वर्षं कुणी का राहायचं?

कारण शेतमजुराच्या आयुष्यात एवढंही पक्कं नव्हतं. इथे पोट भरायचं. मोठ्या किल्ल्यांत इस्पितळ आणि गरम पाण्याची स्नानगृहं असत. सुटताना लीजनच्या सैनिकाला ३,००० दिनार मिळत, म्हणजे तेरा वर्षांच्या पगाराहून जास्त. सहायक तुकडीतल्या माणसाला पंचवीस वर्षांनंतर रोमचं नागरिकत्व मिळे, आणि त्याचा दाखला तो ब्राँझच्या पत्र्यावर कोरून घेत असे. बापानं काढलेल्या त्या पंचवीस वर्षांवर पुढच्या पिढ्यांची जात-कुळी बदलून जायची.

आणि ज्यांच्यावर चालून जात, त्यांचं काय?

हा प्रश्न विचारायलाच हवा. अलेसिया पडल्यावर सीझरनं आपल्या प्रत्येक सैनिकाला एकेक कैदी लूट म्हणून वाटला. गुलाम म्हणून विकायला. हे त्यानं स्वतःच, कसलाही संकोच न करता लिहिलंय. ‘ओसाड वाळवंट करतात आणि त्याला शांतता म्हणतात’ हे रोमनांबद्दलचं वाक्य इतिहासकार टॅसिटसनं एका ब्रिटन सरदाराच्या तोंडी घातलंय, आणि टॅसिटस स्वतः रोमन होता. कुदळ, जातं आणि हजेरीपट या निरुपद्रवी वस्तू. पण त्यांच्या जोरावर जे उभं राहिलं ते माणसं पकडणारं यंत्रही होतं.

पुन्हा व्हिंडोलांडाला

त्या किल्ल्यातल्या लाकडी पट्ट्या १९७३ पासून चिखलातून निघत आहेत. ओल्या मातीत हवा पोचली नाही म्हणून त्या कुजल्या नाहीत. त्यात हजेरीपेक्षा गमतीची पत्रं आहेत. कुणीतरी कुणालातरी मोजे, दोन जोड चपला आणि दोन चड्ड्या पाठवल्याचं कळवतंय. मास्कुलस नावाचा अधिकारी उद्याच्या कामाचे हुकूम विचारतो आणि शेवटी घालतो: माझ्या पोरांकडची बिअर संपलीय, पाठवायला सांगा. ऑक्टेवियस नावाचा माणूस कातडी आणायला गेला नाही, कारण रस्ते खराब आहेत.

एका हिशेबात तर मिऱ्यांची नोंद आहे, दोन दिनारांची. लीजनच्या सैनिकाचा दोन-तीन दिवसांचा पगार. मिरी त्या काळी येत होती ती केरळच्या किनाऱ्यावरून, जहाजानं तांबड्या समुद्रातून इजिप्तला आणि तिथून पुढे. मलबारची मिरी इंग्लंडच्या थंडीत कुणाच्या तरी पेजेत पडत होती.

शेवटचं पत्र मात्र इजिप्तमधलं, पपायरसवरचं, दुसऱ्या शतकातलं. एपियन नावाचा मुलगा आरमारात भरती होऊन इटलीतल्या मायसेनम बंदरात पोचलाय आणि गावी वडिलांना लिहितोय. समुद्रात जीव धोक्यात आला होता, देवानं वाचवलं. प्रवासखर्चाची तीन सोन्याची नाणी मिळाली. तुम्ही मला चांगलं शिकवलंत, त्यामुळे लवकर बढती मिळेल अशी आशा आहे, त्याबद्दल तुमचा हात हाती घेऊन चुंबावासा वाटतो. सोबत माझं चित्र पाठवतोय. आणि हो, इथे माझं नाव आता अँटोनियस मॅक्सिमस आहे.

त्याचंच आणखी एक पत्र सापडलंय, काही वर्षांनंतरचं. ते बहिणीला, सबिनाला लिहिलेलं आहे. त्यात बायको ऑफिडिया आणि मुलगा मॅक्सिमस यांचे नमस्कार आहेत, खरं तर सैनिकाला कायद्यानं लग्न करायची तेव्हा मुभा नव्हती. पत्र लिहिणाऱ्याचं नाव सुरुवातीलाच आहे: अँटोनियस मॅक्सिमस.